न उजळलेलं पातळ

घोडपदेवच्या व्यायामशाळेत त्या गुरुवारी संध्याकाळी मुंगी शिरायलाही वाट उरली नव्हती. मुद्गल आणि लोखंडी वजनं एका कोपऱ्यात लोटली होती, मल्लखांबाला झेंडूची माळ गुंडाळली होती आणि खिडक्यांना काळं कापड ठोकून पाच वाजताच आत काळोख केला होता. दाराबाहेर चपलांचा ढीग इतका की रखमाबाईंना आपली एक चप्पल नालीपलीकडे सापडली. तरी त्या हसत होत्या. आत चमत्कार चालला असताना चपलेचं कोण मनावर घेतं.

"हात पुढे करा," महाराजांच्या हाताखालचा जगन म्हणाला.

खटका पडला. छताला टांगलेला लोखंडी टोपाचा दिवा पेटला आणि सगळी व्यायामशाळा जांभळी झाली. पुढच्या रांगेतल्या गंगाधरच्या तळहातावर करंगळीखाली निळसर पांढरा ठिपका असा काही उजळला, की मागच्या बाया टाचा उंचावून बघू लागल्या.

"मूत्रपिंड," कणाधीश महाराज डोळे मिटून म्हणाले. "डावं."

"खरंय हो," गंगाधर म्हणाला. "मला रात्रीचं दोनदा उठावं लागतं."

महाराज गादीवर बसले होते. त्यांची पांढरी कफनी त्या दिव्याखाली चांदण्यासारखी पेटली होती, आणि बोलताना दातसुद्धा चमकत होते. "हे तेज बघताय ना? माझ्याच अंगावर नाही, तुमच्याही. कुणाच्या सदऱ्यावर, कुणाच्या पदरावर. ज्याची जेवढी पुण्याई तेवढं तेज. आणि तळहातावर जे दिसतं तो रोग. ह्या भस्मात सोन्याचे न्यानो कण आहेत. एका मोहरीचे लाख तुकडे करा, त्यातल्या एकाचे पुन्हा लाख. एवढासा कण. तो घामाच्या वाटेनं आत शिरतो, रक्तात पोहतो, आणि रोग जिथे दडून बसलाय तिथे जाऊन त्याची कॉलर धरतो. परदेशात ह्याला मॉलिक्युलर इमेजिंग म्हणतात. तिकडे ते दहा-दहा वर्षं उंदीर मारत बसतात. आपल्या ऋषींनी उंदीर मारले नाहीत."

"महाराज, न्यानो म्हणजे ती लाखाची गाडी येतेय, ती का?" गंगाधरनं विचारलं.

"गाडीच ती, बाळा. रोगाच्या दारात नेऊन उभी करणारी."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग जगननं पुढचं नाव पुकारलं. "सुभद्राबाई. दुसरी खेप."

सुभद्रा उठली तशी मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सखुबाईंनी मान उंच केली. सुभद्रा त्यांची धाकटी जाऊ. दोघींच्या खोल्या शेजारी शेजारी आणि चूल एक. सुभद्राच्या छातीत गाठ निघाली होती. डॉक्टरांनी तपास करून मोठं स्कॅन सांगितलं होतं, आणि त्याची पुढची तारीख येत्या मंगळवारची होती. ती पहिल्यांदा महाराजांकडे आली तेव्हा तिच्या तळहातावर मधल्या बोटाखाली ठिपका पेटला होता. "छाती," महाराज म्हणाले होते, आणि ते बरोबर निघालं, कारण नाव लिहून घेतानाच जगननं काय दुखतं ते विचारलं होतं. ह्या साध्या गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. सखुबाईंचंसुद्धा.

आज जगननं तिच्या तळहाताला भस्म फासलं, ओल्या फडक्यानं पुसलं, आणि हात दिव्याखाली धरला. हात काळाच राहिला. ठिपका नाही, रेघ नाही.

"गेला," महाराज हळूच म्हणाले. "रोग विरघळला. आता सुई नको, मशीन नको."

सुभद्रा मटकन खाली बसली आणि रडायला लागली. तिला सावरायला सखुबाई गर्दीतून पुढे झाल्या, आणि दिव्याखाली येताच सगळीकडे कुजबूज उठली. आजूबाजूला बनियनी उजळत होत्या, पदर उजळत होते, पोरांच्या शाळेचे शर्ट तर नुसते जळत होते, आणि त्यात सखुबाई तेवढ्या काळ्या. त्यांचं पातळ पांढरट होतं, तरी कोळशाच्या पोत्यासारखं मंद दिसत होतं.

जगन महाराजांच्या कानाशी लागला. महाराजांनी डोळे उघडले.

"ही बाई कोण? हिच्या अंगावर एक किरण नाही. ह्या पोरीला मंगळवारी इस्पितळात ओढत नेणारी ती हीच ना? सुभद्रा, हिच्या हातचं पाणी घेऊ नकोस. हिची सावली पडली तर गेलेला रोग उलटून येईल."

 सखुबाईंचा आवाज मुळातच असा, की खोलीत बोलल्या तर गॅलरीत ऐकू जात नसे. त्यांनी सुभद्राच्या खांद्याला हात लावला. सुभद्रानं खांदा काढून घेतला.

सखुबाईंचा दिवस कसा सुरू होतो हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं. नळ येण्याआधी आंघोळ, मग दांडीवर वेगळं वाळत घातलेलं ते एकच पातळ, दत्ताच्या तसबिरीपुढे निरांजन, पोथीचं एक पान, आणि मगच चुलीला काडी. संपाच्या साली मिलचं दार बंद व्हायच्या आधी मिलच्याच दुकानातून त्यांनी तसलं पहिलं कापड घेतलं होतं. कोरं, सफेदी न दिलेलं, बारीक हिरव्या काठाचं. ते देवापुढे नेसायचं म्हणून सासूनं घालून दिलेला नेम होता. त्याला साबण नाही, सोडा नाही, पावडर नाही, फक्त पाणी. जुनं विरलं की तसलंच कोरं पातळ शोधून आणायचं, पण नेम मोडायचा नाही. सव्वीस वर्षांत तो मोडला नव्हता. संपात दगडूची, म्हणजे त्यांच्या नवऱ्याची आणि त्यांची स्वतःची अशा दोन्ही नोकऱ्या गेल्या, दगडू पुढे वॉचमनकी करता करता गेला, सखुबाईंनी संपातच खानावळ काढली होती आणि त्या दिवसांतल्या कितीतरी उपाशी पोटांना भाकरी घातली. त्यात हा जगनही होता. पण पातळाचा नेम टिकला.

आणि आता ह्याच पातळावरून त्यांना तेजहीन ठरवलं होतं. शुक्रवारी दुपारी खानावळीत चार पाट रिकामे राहिले. रखमाबाईंनी डबा परत पाठवला. "राग मानू नका हो काकी, पण घरात लहान मूल आहे."

त्या रिकाम्या पाटांपैकी एकावर येऊन बसली गुणवंती. वरळी कोळीवाड्यातली पोरगी. तिची आई सखुबाईंना बोंबील आणि कोळंबी आणून द्यायची, आणि गुणवंती परळच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायची, दुपारी इथे जेवायला यायची.

"मावशी, आज वर्दळ कमी दिसतेय. कुठे लग्नबिग्न आहे?"

"माझं तेज गेलंय," सखुबाई आमटी वाढत म्हणाल्या. "तुझ्या पानात पडेल, बघ हं."

"पडू दे. मीठ मात्र कमी पडलंय."

सखुबाईंनी सगळं सांगितलं. सोन्याच्या कणांचं नाव निघालं तशी गुणवंतीचा घास हातातच राहिला.

"मावशी, मी काय काम करते माहितीये का तुम्हाला?"

"माशांचं काहीतरी. तुझी आई म्हणते, जन्मभर मासे विकून पोरीला शिकवलं आणि ती परत माशांतच गेली."

गुणवंती हसली. "बारीक मासे असतात, बोटाच्या पेराएवढे. त्यांची अंडी काचेसारखी, आरपार दिसतात. आम्ही सोन्याचे, लोखंडाचे अगदी सूक्ष्म कण बनवतो. पुढे कधीतरी ते शरीरात सोडून रोगाची जागा मशीनवर बघता यावी म्हणून. हे खरं आहे, जगभर चाललंय. पण आधी बघावं लागतं की कण आत गेला तर काय करतो. यकृतात साठून बसतो का, बाहेर पडतो का. म्हणून मी तो आधी अंड्यांच्या पाण्यात सोडते आणि अंड्यांना काय होतं ते दिवसेंदिवस मोजते. चार वर्षं झाली, एकाच कणावर. अजून माणसाला द्या असं म्हणायची माझी हिंमत नाही."

"आणि तो देतोय."

"तो तर प्यायला पण देत असेल."

सखुबाईंनी उठून चुलीजवळच्या फळीवरून बाटली आणली. महाराजांचं सुवर्णकण तीर्थ. सुभद्रा रोज सकाळी एक पेला घ्यायची. गुणवंतीनं ती उन्हात धरली. पाणी पिवळट होतं आणि तळाशी सोनेरी थर बसला होता.

"सोन्याचे कण खरोखर तेवढे बारीक असतील ना, तर पाणी तांबडं दिसतं, कोकमाच्या सरबतासारखं. आणि ते खाली बसत नाहीत. सुटा कण तर डोळ्याला दिसतच नाही. ही जी दिसतेय ती चमकी आहे, रांगोळीत घालतात तसली." तिनं बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड वाकडं केलं. "गोड आहे?"

"मध आणि खडीसाखर. तीर्थ असंच गोड असतं."

"रोज सकाळी?" गुणवंती सरळ बसली. "मावशी, सुभद्राकाकींना पहिल्या तारखेला स्कॅन न करता परत पाठवलं होतं ना? का पाठवलं?"

सखुबाईंना ते आठवलं. त्या दिवशी सुभद्रा उपाशीपोटी गेली होती. तिथल्या सिस्टरनं विचारलं, काही खाल्लंत? सुभद्रा म्हणाली, नाही. बोटातून थेंबभर रक्त काढलं तर साखर वाढलेली. सिस्टरनं पुन्हा विचारलं, काही प्यालात? तेव्हा सुभद्रा म्हणाली, तीर्थ घेतलं फक्त. तीर्थानं उपास मोडत नाही. झालं, पुढची तारीख. आणि सुभद्रानं घरी येऊन सांगितलं होतं, देवाच्याच मनात नाही, म्हणून मला परत पाठवलं.

"ह्या स्कॅनमध्ये साखरेसारखं एक औषध सुईनं देतात," गुणवंती म्हणाली. "वाईट गाठ आधाशी असते. बाकीच्या अंगापेक्षा ती जास्त साखर ओढते, आणि औषधाला जी खूण लावलेली असते त्यामुळे मशीनला ती जागा दिसते. पण आधीच पोटात साखर घातली तर औषध भलतीकडे जातं आणि गाठ नीट दिसत नाही. म्हणून उपाशी यायला सांगतात. त्या तीर्थानंच त्यांचं स्कॅन बुडवलं."

सखुबाईंनी पळी आमटीत ठेवून दिली. आयुष्यभर त्यांनीही उपासाला तीर्थ घेतलं होतं, आणि त्याला खाणं म्हटलं नव्हतं. सुभद्राची काही चूक नव्हती. अशा घरात वाढलेली कुठलीही बाई तेच बोलली असती.

"मग तो दिवा? तो तर मी माझ्या डोळ्यांनी बघितला. सगळे उजळले, मीच नाही."

"दिवा जांभळा किरण टाकणारा आहे. तो कातडीच्या आत जातच नाही, पोटातलं काय दाखवणार. पण तुम्ही एकट्याच का उजळला नाहीत, ते मला नाही कळत. पातळ तर पांढरट आहे." गुणवंती प्रामाणिकपणे म्हणाली. "आमच्याकडे एक पद्धत असते, मावशी. दहा भांड्यांत औषध घातलं तर एक भांडं तसंच ठेवायचं. त्यात काही घालायचं नाही. मग बाकीच्या दहांत जे दिसलं ते औषधानं झालं की उगाच झालं, ते त्या कोऱ्या भांड्याशी ताडून कळतं. ते नसेल तर बाकीचं सगळं फुकट."

"कोरं भांडं," सखुबाई म्हणाल्या.

त्यांच्या मनात काहीतरी सरकलं. मिलचं वाइंडिंग खातं, जिथे सूत शंकूसारख्या कोनांवर गुंडाळत. सुताचे कोन पेटीत भरायच्या आधी त्या आणि खात्यातल्या पोरीबाळी ते एका अंधाऱ्या कोनाड्यात नेऊन दिव्याखाली धरायच्या. दोन लॉटचं सूत मिसळलं असलं तर साध्या उजेडात कळायचं नाही, पण त्या दिव्याखाली एक कोन भगभगायचा आणि दुसरा विझलेला दिसायचा. भगभगायचा तो सफेदी पावडर दिलेल्या सुताचा. विझलेला, कोऱ्या सुताचा. जांभळा दिवा. लोखंडी टोप. टोपाला उजव्या बाजूला पोचा, बॉबिनच्या ढकलगाडीचा धक्का बसून पडलेला, आणि गुरुवारी व्यायामशाळेतल्या टोपालाही तोच पोचा होता.

"गो बाय माझे," त्या हळूच म्हणाल्या. "तो दिवाच मिलचा आहे. जगन दुरुस्ती खात्यात होता. मिलचं सामान भंगारात निघालं तेव्हा त्यानं उचलला असणार." मग त्यांनी पदर हातात घेतला. "आणि सफेदी आता मिलमध्ये राहिलीच कुठे. ती धुण्याच्या पावडरीत आली. सगळी चाळ पावडरीनं धुते. मी हे पाण्यानं धुते."

गुणवंती त्यांच्याकडे बघतच राहिली. "मावशी, कोरं भांडं तुम्ही आहात."

रविवारी सखुबाई सुभद्राच्या खोलीच्या दाराशी गेल्या. सुभद्रानं पाण्याच्या कळशीवर झाकण ठेवलं.

"जाऊबाई, दारातूनच बोला. मला भीती वाटते."

"दारातून बोलते. गाठ हाताला लागते का अजून?"

सुभद्रानं पदराखाली चाचपून बघितलं. मग म्हणाली, "लागते. महाराज म्हणाले, ते टरफल आहे. आतलं बी गेलं."

"आणि उद्यापरवा टरफल वाढलं तर?"

"तुम्हीच देवाचं एवढं करता, आणि तुम्हीच देवमाणसावर अविश्वास दाखवता."

"देवाचं करते म्हणूनच. मंगळवारचं आत्ता राहू दे. उद्या संध्याकाळी व्यायामशाळेत एकदा ये. मी लांब उभी राहीन. तिथे बघ आणि मग तुझं तू ठरव. तेवढं ऐकशील?"

सुभद्रानं मान हलवली, होय की नाही ते कळलं नाही.

त्या दुपारी सखुबाईंनी देवापुढचं निरांजन शांत केलं आणि पातळ हातात घेऊन तसबिरीसमोर बसल्या. सासू गेली तेव्हासुद्धा त्यांना एवढं जड वाटलं नव्हतं. "सव्वीस वर्षं तुझ्यासाठी कोरं ठेवलं," त्या तसबिरीला म्हणाल्या. "आता निम्मं तिच्यासाठी भिजवते. रागावलास तर मी आहे." मग उठून त्यांनी बादलीत पावडर कालवली आणि पातळाचा पदराकडचा अर्धा भाग तीत बुडवला. निऱ्यांकडचा अर्धा साध्या पाण्यात. फेसाकडे त्यांना बघवत नव्हतं. पण दगड उचलावा तसे हात घालून त्यांनी ते चोळलं आणि खळबळून काढलं.

सोमवारी व्यायामशाळा पुन्हा भरली. महाराजांनी मुद्दाम जादा दिवस ठेवला होता, कारण मंगळवार सुभद्राच्या स्कॅनचा होता हे त्यांना ठाऊक होतं, आणि बरी झालेली बाई लोकांना दाखवण्यासारखी असते. दिवा पेटला. कफनी पेटली. सखुबाई मधल्या वाटेनं चालत पुढे आल्या, आणि गुणवंती दारापाशी उभी राहिली.

आधी हसू फुटलं, मग ते विरलं. सखुबाईंचा पदर, खांदा, छाती सगळं चांदण्यासारखं निळं-पांढरं भगभगत होतं, आणि कमरेखाली काळोख. एकच पातळ, एकाच बाईच्या अंगावर.

"महाराज," सखुबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच हळू होता, म्हणून मागच्यांनी एकमेकांना गप्प केलं. "माझी पुण्याई कमरेपर्यंत आली की काय, ते सांगा."

कुणीतरी फिसकन हसलं.

"बाई, थट्टा करू नकोस."

"थट्टा नाही. वरचा भाग मी काल धुण्याच्या पावडरीत भिजवला. खालचा साध्या पाण्यात. तुम्ही गुरुवारी म्हणालात, तेज नाही. तेजाचं काही नव्हतं, पावडर नव्हती. रखमाबाई, तुमच्या पोराचा शर्ट बघा, कसा झळकतोय. कुठल्या पुण्याईनं? आज शाळेत मारामारी करून आला तो."

रखमाबाईंनी पोराकडे बघितलं. पोरगं आपल्याच बाह्यांकडे बघत होतं.

"विज्ञानाचा अहंकार," महाराज म्हणाले. "ऋषींच्या दिव्याला—"

"ऋषींचा नाही तो. आमच्या वाइंडिंग खात्यातला आहे. उजवीकडे पोचा बघा, ढकलगाडी मीच धडकवली होती. मुकादमानं मला अख्ख्या खात्यासमोर झापलं होतं. जगन, तुला आठवत असेल. तू तिथे स्टूलवर चढून नळी बदलत होतास."

सगळ्यांची तोंडं जगनकडे वळली. जगननं भस्माचे दोन डबे छातीशी धरले होते. एकाला लाल दोरा, एकाला पिवळा. तो दिव्याकडे बघत नव्हता, महाराजांकडेही नाही.

महाराज उठले. "हिला बाहेर काढा. हिच्यावर दत्ताचा कोप होईल."

"माझ्यावर कोप करायचा तर त्याला माझा पत्ता माहीत आहे," सखुबाई म्हणाल्या. "रोज सकाळी भेटतो. शाप द्यायचा तर तुम्हीही द्या, मी इथेच उभी आहे. पण तोवर सुभद्रा मंगळवारी इस्पितळात जायची आहे."

गर्दीत चुळबूळ झाली. गंगाधर म्हणाला, "काकी, कापडाचं समजलं. पण हातावर ठिपका येतो तो? माझं मूत्रपिंड?"

सखुबाई उत्तर द्यायला वळल्या, पण त्यांच्या आधी सुभद्रा उठली. आजवर तिनं सभेत तोंड उघडलं नव्हतं. ती जगनसमोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही तळवे पुढे केले.

"जगनभाऊ, ह्या हाताला लाल दोऱ्याच्या डब्यातलं लाव. ह्या हाताला पिवळ्या."

"सुभद्रा, बस," महाराज म्हणाले.

"पहिल्या खेपेला लाल होता. मी बघितलं होतं. गुरुवारी पिवळा. मला वाटलं, पिवळा म्हणजे प्रसादाचा असेल." ती जगनकडेच बघत होती. "लाव ना रे. तुझ्या मुलीच्या बारशाला मीच पाळणा बांधला होता."

 जगननं लाल डबा उघडला, तिच्या उजव्या हाताला बोट फिरवलं. पिवळा उघडला, डाव्या हाताला. फडक्यानं दोन्ही पुसले. 

उजवा हात उजळला. डावा काळाच राहिला.

सुभद्रानं दोन्ही हात वर धरून लोकांकडे वळवले, आरती दाखवावी तसे. "एका बाईला एकाच वेळी रोग आहे आणि नाही," ती म्हणाली. "आता मला सांगा, ह्यातला खरा कुठला?"

 मग जगन म्हणाला, "लाल डब्यात सफेदी पावडर आहे. नाव लिहून घेताना जे दुखणं सांगाल, त्याच्या बोटाखाली ठिपका द्यायचा. पिवळ्यात नुसती राख. जो तीर्थाच्या अकरा बाटल्या पुऱ्या करील त्याला पिवळा लावायचा." तो सखुबाईंकडे वळला. "काकी, मिलनंतर तीन ठिकाणी काम केलं, तिन्ही बंद पडली. हा महाराज म्हणाला, दिवा आण आणि खटका दाब."

"माझ्या खानावळीत तुला कधी पान नाकारलं होतं का?"

"नाही."

"मग तिथे यायचंस."

गंगाधरनं खिडकीवरचं काळं कापड ओढून काढलं. बाहेर अजून उजेड होता. त्या साध्या उजेडात कफनी साधी कफनी झाली, भस्म राख झालं, आणि महाराज हे पन्नाशीचे, घाम आलेले एक गृहस्थ झाले. ते मागच्या दारानं निघाले तेव्हा त्यांना कुणी अडवलं नाही, पण दोघंतिघं तक्रार द्यायला पोलीस चौकीकडे निघाले. जगन आपणहून त्यांच्याबरोबर गेला, दोन्ही डबे हातात घेऊन.

गुणवंतीभोवती बाया जमल्या. इस्पितळातली सुई तरी खरी कशावरून, रखमाबाईंनी विचारलं.

"विचारा की," गुणवंती म्हणाली. "हाच प्रश्न तिथे विचारा. काय घालता, किती वेळ अंगात राहतं, त्रास झाला तर काय. जो धोके सांगतो, कागदावर लिहून देतो, त्यानं औषध तपासून बघितलेलं असतं. ज्याच्या औषधाला धोकाच नाही, त्यानं ते तपासलेलंच नाही."

मंगळवारी पहाटे सुभद्रानं तोंड धुतलं आणि सवयीनं फळीकडे हात नेला. मग तिनं बाटली उचलून मोरीत ओतली. तळाची चमकी जाळीवर चिकटून राहिली, तिला घासून काढावी लागली.

"सहा तास नुसतं पाणी," सखुबाई म्हणाल्या. "आज मीही तुझ्याबरोबर उपाशी. आपल्याला उपास काय नवा आहे."

"पण तुमचा वार गुरुवार ना?"

"आज जास्तीचा."

तिथल्या सिस्टरनं एक कागद दिला. सखुबाईंनी बाकावर बसून तो पोथीचं पान वाचावं तसा ओळीवर बोट ठेवत मोठ्यानं वाचला. सुई टोचलेल्या जागी दुखू शकतं. क्वचित अंगावर गांधी येऊ शकतात. गरोदर असाल तर सांगा. मधुमेह असेल तर सांगा. काही तास लहान मुलांना कडेवर घेऊ नका. सुभद्रा ऐकत होती, तिचा चेहरा हळूहळू सैल होत गेला. "एवढं सगळं सांगतायत," ती म्हणाली, "म्हणजे लपवायचं काही नाही." आणि तिनं सही केली.

गाठ वाईट निघाली. हे इथे लपवलं तर ती त्या महाराजांचीच रीत होईल. पण ती एकाच जागी होती, पुढे पसरली नव्हती. शस्त्रक्रिया झाली, पुढची औषधं झाली, सुभद्राचे केस गेले आणि पुन्हा आले. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन महिने थांबला असतात तर गोष्ट वेगळी झाली असती. त्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब कुठल्याही तीर्थाच्या बाटलीत नव्हता.

सखुबाईंनी ते अर्धंअर्धं पातळ टाकलं नाही. रोज पहाटे तेच नेसून त्या निरांजन लावतात. एखाद्या सुनेनं विचारलं, काकी, नेम मोडला ना, तर म्हणतात, नेम माझा होता, जीव तिचा होता, आणि देवाला दोन्ही कळतं.

म्हणून वाचणाऱ्या बायाबापड्यांना हात जोडून एवढंच सांगणं आहे. देवावर श्रद्धा ठेवा, कुणी नको म्हणत नाही. पण देवाच्या नावानं कुणी काळोख करून काही दाखवू लागला, तर आधी खिडकीवरचं कापड ओढा. तेच कापड, तोच हात, तीच बाटली उजेडात नेऊन बघा. एक अर्धा भाग पाण्यात भिजवा, एक पावडरीत. आणि ज्याला असं ताडून बघितलेलं चालत नाही, त्याला तुमच्या माणसाच्या अंगाला हात लावू देऊ नका.